वाटेचा पाव

"आज एक सवाबाचं काम झालं हातून," इब्राहीम जेवायला बसता बसता म्हणाले.

इब्राहीम म्हणजे माझा नवरा. समोर मी त्यांना 'इकराचे अब्बा' म्हणते, नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. पण गोष्ट सांगताना दर वाक्याला इकराचे अब्बा, इकराचे अब्बा कुठं करत बसू, म्हणून इब्राहीम. आम्ही दाभोळचे. रियाधमधल्या एका मोठ्या इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांची वसाहत होती, तिथले पाण्याचे पंप आणि एसी इब्राहीम बघायचे. जानेवारी एक्याण्णवची गोष्ट. कुवेतवरून लढाई सुरू झाली होती आणि पंप राहिले बाजूला, त्यांना घरोघर खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या मारत फिरावं लागत होतं. विषारी वायू आत येऊ नये म्हणे.

"कसलं पुण्याचं काम?" मी कालवण वाढत विचारलं.

"हालिनाबाईंच्या क्वार्टरात गेलो होतो टेप मारायला. बाई शाळेत. पलंग सरकवला तर खाली उशीच्या खोळी, गच्च भरलेल्या. आत काय असेल? पाव. सुकून कडकडीत झालेला. म्हटलं, गोरी माणूस, एकटा जीव, शिळ्या पावाचं काय करायचं ते बिचारीला कळलं नसेल. उचलल्या खोळी आणि बिस्मिल्ला म्हणून फाटकाबाहेर खिळ्याला टांगल्या. बकऱ्यावाला दुवा देत घेऊन गेला."

रियाधमध्ये शिळा पाव कचऱ्यात टाकत नाहीत. पिशवीत घालून भिंतीला टांगतात, बकऱ्यावाले येऊन नेतात. आम्हाला ते कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्याकडेसुद्धा भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घेतात, डोळ्यांना लावतात आणि उंचावर ठेवतात. तेव्हा नवऱ्याचं म्हणणं एरवी मी मान हलवून ऐकलं असतं. पण माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

"सगळ्या दिल्या?"

"सगळ्या. का?"

"अवो, ती आठ वर्षं राहते इथं. तिला ठाऊक नाही आणि तुम्हाला ठाऊक? तो शिळा नव्हता. ती मुद्दाम वाळवते. ऑगस्टपासून बघतेय मी, खिडकीत काप मांडून ठेवते."

"वाळवते? कशाला?"

"मला काय माहीत कशाला."

"मग आधी सांगायचं नाही?" ते म्हणाले. झालं. पाव दिला त्यांनी, चूक माझी. जेवण कडू झालं.

हालिनाबाई पोलंडच्या. वय साठीच्या पुढे, उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरे केस कानामागं चापून बसवलेले. वसाहतीतल्या मुलांसाठी एक छोटी शाळा होती, तिथं त्या शिकवायच्या आणि मी मदतनीस. मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, पडलं-खरचटलं तर मलम लावणं, हे माझं काम. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझी लेक इकरा शाळेच्या दारात हात-पाय आपटत बसली आणि मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीला मारू नगंस. रडून रडून आपोआप गप हुईल."

मी वळून बघते तर ही गोरी म्हातारी. मी तर आ वासून बघतच राहिले.

लहानपणी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी रशियन शिपायांनी त्यांच्या सगळ्या गावालाच उचलून नेलं होतं. पुढं सुटका झाल्यावर फिरत फिरत त्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोचल्या. तिथं पोलंडच्या लोकांची मोठी छावणी होती. मराठी त्या तिथल्या भाजीवालीकडून आणि दूधवालीकडून शिकल्या, त्यामुळे सगळ्यांना अरे-तुरे, आणि कोल्हापूरच्या मुलींसारखं 'मी येतो', 'मी जातो'. मी चिडवायची, "बाई, तुमच्या मराठीला मिशा आहेत." त्या म्हणायच्या, "आसू देत. तुझ्या मराठीला माशाचा वास येतो." 'बाई' म्हटलेलं त्यांना फार आवडायचं. छावणीतल्या बारक्या पोरांना त्या शिकवायला लागल्या, त्या वेळी त्या स्वतःच पोरसवदा होत्या. तरी दूधवाली त्यांना बाई म्हणायची. पुढं त्या इंग्लंडला गेल्या, तिथं लग्न झालं, नवरा वारला, मूलबाळ नाही. नोकरीची जाहिरात बघून रियाधला आल्या. कैदेबद्दल मात्र त्या कधी बोलायच्या नाहीत आणि मीही विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी बाई आमच्या दारात आल्या. चपला बाहेर काढून आत आल्या आणि इब्राहीमसमोर उभ्या राहिल्या.

"पलंगाखालचा पाव तू नेलास?"

इब्राहीम बिचारे धडपडत उठून उभे राहिले. "बाई, मला वाटलं... माफ करा. मी टाकला नाही. टांगला. बकऱ्यांना."

बाईंनी दाराबाहेर फाटकाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "टांगलास. मग काय वंगाळ केलं न्हाईस." आणि आल्या तशा गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चेहरा पार उतरला होता त्यांचा.

सायरनची पद्धत अशी ठरली होती की भोंगा वाजला की वसाहतीतल्या बायका-मुलांनी शाळेखालच्या तळघरात जायचं. एक कोठार होतं, बिनखिडकीचं. सगळे आत आले की दार लावायचं, कडेनं टेप मारायची आणि उंबऱ्यापाशी ओला टॉवेल ठेवायचा. आधी एकदा सायरन झाला होता तेव्हा बाई सगळ्यांच्या आधी हजर. काखेत उशी मारलेली. मला वाटलं, चला, निवांत बसायची तयारी करून आल्यात. मुलांना भोवती घेऊन त्यांनी एका लबाड कोल्ह्याची अशी काही गोष्ट सांगितली की दार कधी लागलं तेही पोरांना कळलं नाही. ती उशी नव्हती, पावाची खोळ होती, हे मला आता समजलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर पुन्हा भोंगा वाजला. आम्ही धावतपळत खाली गेलो. बाईही आल्या, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. तिथं थांबल्या. मी आतून हाक मारली, "बाई, चला." त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं, दाराच्या चौकटीला हात लावला आणि हात भाजल्यासारखा मागं घेतला.

"मी हितंच बसतो," त्या म्हणाल्या.

वसाहतीचे सुपरवायझर जमालुद्दीन, हैदराबादचे, दारापाशी टेप घेऊन उभे होते. "मॅडम, अंदर आना पड़ेगा. दरवाजा बंद करना है."

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. वर कुठं तरी धडाम झालं, जमीन हलली. मुलं किंचाळायला लागली. इकरा 'बाई, बाई' करत दाराकडे धावली, तिला मी कमरेला धरून मागं ओढलं. शेवटी जमालुद्दीननी दार लावून घेतलं. बाई बाहेर, आम्ही आत. मुलं सगळा वेळ रडत होती आणि मी काय खाक गोष्ट सांगणार. दार उघडलं तेव्हा बाई त्याच पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर रिकामे ठेवून.

"ऐसा नहीं चलता," जमालुद्दीन मला बाजूला घेऊन म्हणाले. वाईट माणूस नव्हता, पण जबाबदारी त्याच्या डोक्यावर. "खुर्शीदबी, आप समझाओ. कल को बाहर कुछ हो गया तो जवाब मेरे को देना पड़ता. या तो अंदर बैठें, नहीं तो जुमेरात की बस से मैं उनको जेद्दा भेज देता."

जुमेरात म्हणजे गुरुवार, मध्ये दोनच दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून आणलेला ताजा पाव घेऊन बाईंकडे गेले. इस्पितळातली माणसं एकेक करून लढाईपासून लांब जेद्दाला निघाली होती, पण आमची वसाहत अजून भरलेली होती आणि मुलांना या बाईंशिवाय चैन नव्हतं. माझा तर जीवच जडला होता त्यांच्यावर. परक्या मुलखात आईसारखं रागवायला दुसरं होतं कोण मला.

बाईंनी पाव हातात घेतला, दाबून बघितला. "चांगला हाय. पर ओला पाव बुरसतो गं. वाटेला टिकत न्हाई."

"कुठल्या वाटेला, बाई? आपण घरात आहोत."

मग त्यांनी मला खुर्ची दिली, चहा ठेवला आणि पाठमोऱ्या उभ्या राहून सांगितलं.

रशियन शिपाई आले तेव्हा थंडीचे दिवस होते. आवराआवर करायला घटकाभर वेळ दिला. बाकीच्या बायकांनी दागिने घेतले, फोटो घेतले. बाईंच्या आईनं घरातला सगळा पाव उशीच्या खोळीत भरला. मग जनावरांच्या डब्यात माणसं कोंबली आणि बाहेरून दार लावलं. गाडी कुठं चालली ते कोणाला माहीत नाही. दार उघडायचं ते मेलेल्यांना खाली काढायला. "दार लागलं की आई खोळ माझ्या मांडीवर ठेवायची. म्हणायची, हात लावून बघ. हाय का? हाय. मग घाबरायचं न्हाई."

पुढं जंगलात लाकडं तोडायची कैद. रोजचा पावाचा तुकडा मोजून मिळायचा. आई त्यातला थोडा चुलीवर वाळवून खोळीत टाकायची, वाटेचा पाव म्हणून. कधी ना कधी परत निघायचंच आहे, असं म्हणायची. दोन वर्षांनी सोडलं तेव्हा खरंच त्या निघाल्या, दक्षिणेकडं, उबदार मुलखाकडं. तिथं पोचल्यावर आई तापानं गेली.

"खोळ उघडली," बाई म्हणाल्या, "तर भरलेली. तळापासनं वरपर्यंत. मी म्हणायचो, आई, तू खाल्लंस? ती म्हणायची, व्हय, खाल्लं की." त्यांनी चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला. "त्या पावावर मी आणि माझा बारका भाऊ इराणपातूर पोचलो."

मला रडू आवरेना. बाई मात्र कोरड्या.

"आता मला कळतंय गं खुर्शीद, हे रियाध हाय. दाराच्या आत तू हायस, पोरं हाईत. पर दार लागलं की मी त्या डब्यात. खोळ मांडीवर आसली की बसतो. न्हाई तर न्हाई बसवत. आणि बसमधनं तरी कशी जाऊ? तिचं बी दार बंदच हुतं की."

मी घरी आले आणि इब्राहीमच्या पुढ्यात उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि गाडीची किल्ली घेऊन बत्ह्याच्या बाजारात गेले. लढाईच्या भीतीनं लोक दुकानं रिकामी करत होते, एकदम एवढा पाव मिळता मिळत नव्हता. दुपारी आले ते खांद्यावर सामोलीचं पोतं घेऊन, आपल्या जाड पावासारखे लांबट पाव असतात ते. "कुठं मिळाला?" म्हटलं. "अफगाणी भट्टीवाल्यापुढं दोन तास उभा राहिलो," एवढंच म्हणाले.

वाळवणं घालायचं मला कुणी शिकवायला नको. आंबोशी, मासळी, फणसाच्या पोळ्या, अर्धा जन्म दाभोळला त्यातच गेला. इमारतीच्या गच्चीवर मी स्वच्छ चादर अंथरली, पावाचे बोटभर जाडीचे काप केले आणि ओळीनं मांडले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी मल्याळी नर्स ओरडून म्हणाली, "खुर्शीद, मिसाइल आ रहा है और तू टोस्ट बनाती है?" म्हटलं, आ रहा है तो खा के जाएगा. आठवड्यानं पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

अडचण कबुतरांची. रियाधच्या कबुतरांना लढाई-बिढाई काही कळत नव्हतं, पाव बरोबर कळत होता. तेव्हा इब्राहीमनी रजा टाकली आणि पाण्याचा एक प्लॅस्टिकचा पाइप घेऊन ते गच्चीत बसले. तो दिवस आणि दुसरा दिवसही. टक्कल उन्हानं लाल झालं. मी म्हटलं, घरात या थोडा वेळ, मी बसते. "नको," म्हणाले, "मी नेला, मीच आणणार." जानेवारीचे दिवस लहान, काप वरून कडक झाले पण मध्ये अजून मऊ होते. आणखी एक दिवस लागला असता. जुमेरात उद्यावर आली होती. जमालुद्दीननी बाईंचं नाव बसच्या माणसांत घातलं होतं.

त्या संध्याकाळी अजान झाली, इब्राहीम दव पडायच्या आत काप गोळा करायला लागले आणि भोंगा वाजला.

मी इकराला उचलून जिन्याकडं धावले. खाली सगळे आत शिरत होते आणि बाई पुन्हा त्याच पायरीवर उभ्या. जमालुद्दीन टेपचं टोक शोधत राहिले. माझ्या मनात आलं, उद्या या बाईला उचलून बसमध्ये बसवतील, आणि पुन्हा एकदा कुणीतरी बाहेरून दार लावेल. मला आपल्याच असहायपणाचा राग आला.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या उघड्या तोंडातून इब्राहीम अंगणातून येताना दिसले. चादरीची चारही टोकं एका मुठीत धरून, गाठोडं छातीशी कवटाळून ते धावत होते. डोक्यावर भोंगा ठणाणा करतोय, आकाशात लाल रेघा उमटतायत, आणि हा माणूस पाव घेऊन पळतोय. जमालुद्दीन ओरडले, "मियां, जल्दी!"

जिन्याच्या तोंडाशी गाठोड्यातून एक काप निसटला आणि फरशीवर पडला. इब्राहीम दोन पायऱ्या उतरले होते. ते थांबले. मागं वळले, वर गेले, वाकले, तो काप उचलला. त्याचा मुका घेतला, उजव्या डोळ्याला लावला, डाव्या डोळ्याला लावला, आणि मग गाठोड्यात ठेवला. कुठं घाई नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

बाई टक लावून बघत होत्या.

इब्राहीम खाली आले, धापा टाकत गाठोडं त्यांच्यापुढं धरलं. "बाई, अजून नीट वाळला नाही. एक दिवस कमी पडला. माझी चूक."

"हे तुला कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"पडलेल्या पावाचा मुका घ्यायला."

"शिकवायचं काय त्यात? अम्मी घ्यायची."

"माझी आई बी घ्यायची," बाई म्हणाल्या.  त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, पोटाशी धरलं, आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

दार लागलं. टेप लागली. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या, गाठोडं मांडीवर. दार लागताना डोळे घट्ट मिटले होते, ओठ हलत होते, मी त्यांच्या शेजारी जाऊन खांद्याला खांदा लावून बसले. हळूहळू मुलं भोवती सरकली. मग बाईंनी डोळे उघडले, चादरीत हात घातला आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक काप दिला. "खायचा न्हाई एवढ्यात. धरून बसायचा. हाय का?" पोरं म्हणाली, "हाय." इकरा, जी घरात माझ्याशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलायची, तीसुद्धा अस्सल कोल्हापुरीत 'हाय' म्हणाली. वर धडाडधूम चाललं होतं आणि लबाड कोल्हा पुन्हा निघाला.

जुमेरातची बस बाईंशिवाय गेली. जमालुद्दीननी त्यांचं नाव काढलं. उरलेली लढाई बाईंनी तळघरात शाळा घेऊन काढली, आणि गाठोड्याला मी माझ्या एका जुन्या ओढणीची पिशवी शिवून दिली, लांब पट्ट्याची.

फेब्रुवारी सरता सरता लढाई संपली. पण गेलेली कुटुंबं परतली नाहीत, वर्गात चार डोकी उरली आणि शाळा बंद करायचं ठरलं. इंग्लंडहून बाईंच्या भावाचा फोन आला की आता पुरे, ये. हाच तो इराणपर्यंत पोचलेला बारका भाऊ, आता त्याला नातवंडं होती. माझी नोकरीही त्याबरोबर गेली, पण त्याचं तेवढं वाटलं नाही. बाई जाणार याचंच फार वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी बाई ओढणीची पिशवी गळ्यात अडकवून फाटकापाशी आल्या. "इब्राहीम," म्हणाल्या, "तुझा तो खिळा कुठाय?"

इब्राहीमनी दाखवला. बाईंनी पिशवी काढली, ओठांना लावली आणि स्वतःच्या हातानं खिळ्याला टांगली.

"आता जाऊ दे शेरडास्नी. लई ओझं वाहिलं. एकदा तरी मोकळ्या हातानं प्रवास करून बघतो."

मी म्हटलं, फार चांगलं केलंत. मनात म्हटलं, कसं होणार या बाईचं. त्या बॅगा बघायला आत गेल्या तेव्हा बकऱ्यावाला यायच्या आधी मी पिशवीत हात घातला आणि दोन काप काढून घेतले.

विमानतळाची बस दुपारी आली. इंग्लंडला अजून थंडी, म्हणून बाईंच्या हातावर लोकरीचा कोट होता. मी तो त्यांना घालून दिला, कॉलर नीट केली, खिसे चापून बसवले. "ह्या उन्हात कोट? खुळी का काय तू?" त्या म्हणाल्या. पण घातला. इकराचा मुका घेतला, इब्राहीमना 'नीट ऱ्हा' म्हणाल्या, माझ्या गालाला खरखरीत हात लावला आणि वर चढल्या. खिडकीपाशी बसल्या.

ड्रायव्हरनं बटण दाबलं आणि दार फुस्सकन बंद झालं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो तोच झाला, पायरीवरचा. हात मांडीवर गेले, पिशवी चाचपायला, आणि तिथं काहीच नव्हतं. बस हलली. एक हात इकडं तिकडं फिरला, कोटाच्या खिशात गेला आणि थांबला.

त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. समोर बघत राहिल्या, खांदे हळूहळू खाली आले. हात खिशातच होता.

"अम्मी, बाई टाटा क्यूँ नहीं कर रही?" इकरानं विचारलं.

"हात गुंतलाय त्यांचा," मी म्हटलं.